बदली माणूस

"पणजोबा शिबंदीतून पळाले नव्हते, एवढं एकदा कागदावर बघून ये," असं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी लेकीला सांगितलं. म्हणून ती शिवणकामाचं दुकान बंद ठेवून भर दुपारी दफ्तरखान्यात आली.

कारकुनाने शहराच्या जुन्या शिबंदीची हजेरीवही उघडली. पणजोबांचं नाव सापडलं. पुढे एकच शब्द होता: फरारी.

ती जायला वळली. आता कोणत्या तोंडाने घरी जायचं?

"थांबा, पुढेही लिहिलंय," कारकून म्हणाला. "शिपाई पळाला, की त्याच्या घरातलं दुसरं कुणीतरी भरती व्हायचं. हे त्या बदली माणसाचं वर्णन." तो ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. "वय एकेचाळीस. अंगाने सडपातळ. डाव्या कानाची पाळी फाटलेली."

तिने नकळत कानावर केस ओढले.

"उजव्या तळव्यावर इस्त्रीचा चटका. ताजा."

चटका तिला त्याच सकाळी बसला होता. तिने मूठ घट्ट मिटली. "पान चुकलं असेल हो," ती कसंबसं म्हणाली.

कारकुनाने मान वर केली नाही. त्याने शांतपणे टाक दौतीत बुडवला.

"मूठ उघडा, बाई."