फिरतं पाणी

पंप बंद पडला तेव्हा गावच्या मंडळाचे अध्यक्ष हौदाच्या कठड्याशी नाकाला रुमाल लावून उभे होते.

पाण्याचा आवाज थांबला आणि वहिनींचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. या गोल हौदात कालपासून माशांची पाच लाख अंडी फिरताहेत, तासाभरात फुटतील, असं त्या सांगत होत्या. गावाभोवती माती काढून काढून पडलेल्या, पाणी साचलेल्या चाळीस खाणी या पिल्लांनी भरता येतील, घरटी कुणाला तरी काम लागेल, मंडळानं फक्त हॅचरीत पैसे घालायचा धीर करावा. अध्यक्षांनी ऐकल्यासारखं केलं. गंगाजळी दुकानांच्या गाळ्यांत घालायची हे त्यांचं कधीच ठरलं होतं, आणि चिटणीसांच्या पिशवीत नकाराचं पत्र सहीपुरती जागा सोडून तयार होतं. सख्ख्या भावाची बायको, तिचं काम न बघताच तिला नाही कसं म्हणायचं, एवढ्यासाठी ते आले होते.

"वीज गेली," राखणदार दारातून म्हणाला.

"मग वरच्या टाकीचं पाणी सोडा," वहिनी म्हणाल्या.

राखणदार मान खाली घालून उभा राहिला. अध्यक्षांचा काल निरोप आला होता, मी येतोय, सगळं चकाचक पाहिजे. म्हणून त्यानं सकाळी टाकी रिकामी करून आतून घासून काढली होती. भरायला घेतली, तोच ही वीज गेली.

 वहिनींनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि कठड्याकडेनं चालू लागल्या. पाणी थांबलं की अंडी तळाला बसतात आणि एकमेकांखाली गुदमरतात. नर-माद्यांचा या वर्षीचा हंगाम संपला, आता ही गेली तर गेलीच. हे त्यांनी चालता चालता सांगितलं, दूध उतू जाईल जरा बघा, अशा आवाजात. पण हौद मोठा, हात एक. पलीकडच्या बाजूला तळाशी काचेच्या मण्यांसारख्या अंड्यांचा पांढुरका थर धरू लागला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घड्याळ काढून ठेवा."

अध्यक्षांना असं सांगणारं माणूस गावात उरलं नव्हतं. त्यांनी घड्याळ काढलं, बाही वर सारली आणि पाण्यात हात घालून जोरानं ओढला.

"हळू. गारा नाही कालवायचा."

चाळीस वर्षं त्यांनी विटाच पाडल्या होत्या. त्या चाळीसही खाणी त्यांच्याच भट्टीनं खणलेल्या. घट्टे पडलेल्या त्या तळव्याला हळू म्हणजे काय हे कळायला हौदाच्या चार फेऱ्या लागल्या. मग जमलं. अंडी उसळायची नाहीत, बसायचीही नाहीत, एवढंच पाणी फिरवायचं. पुढे वहिनी, अर्धा हौद सोडून मागे अध्यक्ष.

"अध्यक्षांना घाण्याला जुंपलं की हो," चिटणीस एकटेच हसले.

"तुमचे हात रिकामे दिसताहेत," वहिनी म्हणाल्या.

चिटणीसांनी पिशवी छातीशी धरली. आत कागद आहेत, भिजतील, म्हणाले, आणि भिंतीशी सरकले.

किती फेऱ्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत. अध्यक्षांची कंबर भरून आली, बोटं सुरकुतली. नाकाचा रुमाल केव्हा पडला आणि कुणाच्या पायाखाली आला, त्यांना ठाऊकही नव्हतं. आणि मग तळव्याला काहीतरी चाटून गेलं.

ते थबकले.

"थांबू नका," वहिनी कुजबुजल्या. "चालता चालता बघा."

त्यांनी वाकून पाहिलं. हाताशेजारून एक मणी तरंगत चालला होता. त्याच्या आत एक रेघ मुडपून बसली होती. रेघेनं हिसका दिला. पुन्हा दिला. मणी फाटला, आवाज काही झाला नाही, आणि केसाएवढा एक जीव पोटाशी पिवळा ठिपका घेऊन बाहेर आला. आला तो पाण्याबरोबर फिरायलाच लागला, जणू वाट माहीत होती. शेजारी दुसरा फुटला. मग दहा, मग शंभर. मग हौदभर नुसती थरथर उठली, आणि त्या सगळ्या थरथरीच्या मधोमध त्यांचा हात होता.

भट्टी उघडताना पहिल्या विटेला हात लावण्याआधी ते टोपी काढत. आता डाव्या हातानं ती केव्हा काढली, हे त्यांना कळलं नाही.

अर्धी फेरी ते त्या जिवांमागून चालले. मग म्हणाले, "एका खाणीत किती मावतील?"

"हजारोंनी," वहिनी म्हणाल्या. "खाणी तुम्ही मोठ्या खणून ठेवल्यात, भाऊजी."

वीज आली. पंप खोकला आणि चालू झाला. तळातल्या तिरक्या नळ्यांतून पाणी सुटलं आणि आपलं आपण फिरू लागलं. वहिनी होत्या तिथेच कठड्यावर बसल्या. राखणदारानं भिंतीला पाठ टेकून डोळे पुसले.

"काढा आता हात," वहिनी म्हणाल्या. "फिरेल पाणी त्याचं ते."

अध्यक्षांनी हात बाहेर काढला, पण खाली सोडला नाही. तळव्याच्या खळग्यात घोटभर पाणी उरलं होतं आणि त्यात एक रेघ वळवळत होती.

चिटणीस लगबगीनं पुढे आले. पत्र पिशवीवर पसरलं, पेनाचं टोपण काढलं. एवढी सही झाली की निघता येईल, म्हणाले, गाळ्यांची माणसं सकाळपासून खोळंबली आहेत.

अध्यक्षांनी पेनाकडे पाहिलं. धरायचं तर बोटं मिटावी लागणार होती.

"आत्ता नाही," ते म्हणाले. घरात कुणी नुकतंच झोपलं असावं, इतक्या हळू. "हात रिकामा नाहीये."