चाळीस घाव

सूनबाईची नोकरीच जगावेगळी होती. मोबाइलवरच्या खेळातल्या जादूई राज्यात कुठली वस्तू किती घावांत मोडेल, ते ती ठरवायची. अडली की भट्टी बंद करून घरी बसलेल्या लोहार सासऱ्यांना विचारायची.

"मामंजी, मातीचा घडा?"

"एका घावात खलास."

"लाकडी ढाल?"

"वीस. लाकूड चांगलं असेल तर."

"लोखंडी कुऱ्हाड?"

सासरे ताठ बसले. "माझ्या हातची? ती मोडत नसते. दांडा बदलायचा, पातं नातवंडंसुद्धा वापरतील."

तिने तसंच लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद परत केला. "कुऱ्हाड चाळीस घावांत मोडलीच पाहिजे. नाहीतर लोक दुसरी कशाला घेतील?"

संध्याकाळी तिने भीतभीतच हे घरी सांगितलं. आता मामंजी साहेबांच्या सात पिढ्या उद्धरणार, याची तिला खात्री होती. पण ते भिंतीला टेकवलेल्या हातोड्याकडे बघत म्हणाले,



"तुझा साहेब बरोबर बोलतोय, पोरी. माझी कुऱ्हाड नेलेला एकही माणूस दुसरी घ्यायला आला नाही, म्हणून तर भट्टी विझवावी लागली."