पुसलेल्या ब्रांच

"झाली का यादी?" साहेब आसावरीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "ज्याची कोडची एकही ब्रांच नाही, तो फुकटचा पगार खातोय. त्याला आजच निरोप देऊ."

सगळ्यांचा कोड सांभाळणाऱ्या गिटमधून, ज्यांच्या ब्रांच आहेत त्यांची नावं वेचणारी स्क्रिप्ट तिनेच लिहिली होती. तिने ती चालवली. नावं सरकत जाऊन थांबली. त्यात तिच्या टीममधले अन्वय आणि शलाका नव्हते. तीही नव्हती.

कामापुरती काढलेली ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, ते काम मुख्य कोडमध्ये गेलं की लगेच पुसायची, ही शिस्त तिनेच लावली होती. ती पाळणारेच यादीतून गायब होते.

"साहेब, या यादीवर जाऊ नका."

"का? स्क्रिप्ट तुझीच ना?"

"हो, पण..."

साहेबांचं बोट स्क्रीनवरून खाली सरकलं आणि शेवटच्या नावाशी थांबलं.

"तुझं नाव कुठाय, आसावरी?"