हद्दीबाहेर

बांधकामाच्या साइटवर जनरेटरसाठी डिझेल घेऊन आलेल्या टँकरचा नळ काही केल्या नीट बंद होईना. खाली टपटप सुरू झालेली दिसताच सेफ्टीवाल्या बाईंनी काम थांबवलं आणि टँकर परत न्यायला सांगितला.

ड्रायव्हर काकुळतीला आला. "बाई, खाली ट्रे लावू, भोवती वाळू टाकू, पण इथंच रिकामा करू द्या. भरलेला टँकर असा नेला तर वाटभर गळत जाईल."

बाई घुटमळल्या. त्याचं म्हणणं खरं होतं. पण कंपनीच्याच शेजारच्या साइटवर तेल सांडलं तेव्हा तिथल्या सेफ्टीवाल्याला साहेबांनी दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं.

"बाहेर काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या हद्दीत थेंब सांडता कामा नये," असं म्हणून त्यांनी वॉचमनला गेट उघडायला लावलं.

टँकर गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंची पाठ थोपटली, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकत राहिली. दिवसभर कशातच लक्ष लागेना. संध्याकाळी सुटायच्या वेळी शेवटी न राहवून, रस्त्यावर वाळू टाकायला माणसं पाठवावीत म्हणून त्या उठल्या, तेवढ्यात धाकट्या दिराचा फोन आला.



"वहिनी, लवकर या! तुम्हाला घ्यायला येताना दादाची बाइक वळणावर घसरली, तो डोळेच उघडत नाहीये... कुणा नालायकानं रस्ताभर डिझेल सांडून ठेवलंय!"