कांद्याचे तीन तास

बिल फ्रान्समध्ये लियॉनला जाऊन पोचलं आणि मग वाजदीनं ते उघडून वाचलं. आधी वाचून मग पाठवणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

वाजदी लेबलं, जाहिराती काढून द्यायचं काम तासांवर घ्यायचा आणि हिशोब एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायचा. ना रकाने, ना रंग. बसलो की एक ओळ, उठलो की एक ओळ. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला की पुढचं सगळं खासगी. बिल काढणारा प्रोग्राम तिकडे बघतसुद्धा नसे. पण काल रिकामा वेळ होता म्हणून वाजदीनं त्या नीट चाललेल्या प्रोग्रामची साफसफाई केली होती. आता प्रोग्रामनं खासगीसकट सगळंच बिलात छापलं होतं.

'बाटलीवरचं ऑलिव्हचं झाड परत बदललं. म्हाताऱ्याला झाड हवंय का जंगल?'

त्याखाली: 'शेजारच्या बेया मावशींनी ईदचा शरमूला चढवला. रोजा, त्यात कांद्या-मनुकांचा वास. डोकं चालेना. तीन तास वजा.'

शरमूला म्हणजे ईदला खारवलेल्या माशाबरोबर खायचा, कांदा-मनुका आटवून केलेला पदार्थ. म्हातारा म्हणजे सी हाश्मी, आपले हाश्मीसाहेब. मूळचे इथलेच, ट्युनिशियातल्या स्फाक्सचे, पण जन्म लियॉनमध्ये तेल विकण्यात गेलेला. वाजदीचं एकुलतं एक धड गिऱ्हाईक. ते सुटलं तर ईदनंतर काकांच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं होतं.

फोन आलाच. वाजदीनं माफीला सुरुवात केली. सी हाश्मी म्हणाले, जंगलाचं नंतर बघू. त्यांचं भांडण वजाबाकीशी होतं.

"तीन तासांत शरमूला होतो होय रे? आमची आई सकाळी कांदा चढवायची, तो रोजा सुटेपर्यंत उतरायचा नाही."

वाजदी म्हणाला, झालाही नसेल, मी आपला तीन तासांनी नाक दाबून कामाला बसलो. म्हाताऱ्याला ते पटेना. मनुका कधी पडल्या, दालचिनी होती का, मासा कुठला खारवलाय, विचारतच सुटले. लियॉनच्या घरात त्यांनी एकदा कांदा चढवला होता, तर शेजाऱ्यांनी आगीचा बंब बोलावला. बंबवाल्यांनी वास घेतला आणि खिडक्या फोडल्या.

वाजदीला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. शेवटी तो फोन घेऊन गच्चीवर गेला. भिंतीपलीकडे बेया मावशी गार झालेला शरमूला बरणीत भरत होत्या. त्यानं फोन त्यांच्याकडे धरून सगळी तक्रार सांगितली.

"बरोबर आहे त्यांचं," मावशी म्हणाल्या. "दिवसभर लागायचा. पण त्यांना म्हणावं, खाणारे सगळे तिकडे जाऊन बसले. आता मी पातेलंच लहान घेते."

वाजदीनं घाईनं फोन परत कानाला लावला. वाजदीला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

"ते तीन तास वजा करू नकोस," सी हाश्मी म्हणाले. "माझ्या नावावर लाव."

"लावतो. पण काम काय केलं म्हणून लिहू?"



"लिही, म्हातारा घरी होता."