जाम होऊ नये म्हणून

आरतीने आपला संगणक बंद केला होता. तरीही त्या संगणकाच्या नंबरवरून उत्तर येत होते.

शेजारच्या टेबलावरील संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकामागून एक उत्तराच्या पांढऱ्या ओळी उमटत होत्या. कुलूप लावलेल्या घराला हाक मारावी आणि आतून कुणी शांतपणे ओ द्यावी, तसे. हा नंबर आणखी कुणीतरी वापरतेय, हा आरतीचा तर्क खरा ठरला. कचेरीतल्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला स्वतःचा नंबर असतो. तोच नंबर दुसऱ्याने आधी घेतला असेल, तर मागून सुरू होणाऱ्याला जाळे बाहेरच ठेवते. जुन्नरच्या त्या द्राक्ष बागायतदारांच्या कचेरीत, २००४ च्या ऐन हंगामात, आरती रोज सकाळी अशी बाहेर राहत होती. दुपारनंतर मात्र तोच संगणक काही न घडल्यासारखा चालू लागे.

"घावलं का भूत?" व्यवस्थापक सुभाषराव दारातूनच म्हणाले. "उद्या सकाळी द्राक्षांच्या गाड्यांची यादी वेळेत निघाली नाय, तर मला दुसरी मुलगी बघावी लागंल. मग राग धरायचा नाय."

आरती मुळात तात्पुरतीच होती. निरगुडसरचा अमृत मोटारसायकलवरून पडला, दोन्ही पाय मोडून घरी अंथरुणाला खिळला, आणि तिला त्याच्या कामावर घेतले. अमृत आतल्या खोलीत बसे. तिथे आता खतांच्या गोण्या रचल्या होत्या. आरतीसाठी कुठूनसा एक जुना संगणक आणून बाहेर मांडला, आणि त्याला अमृतच्याच संगणकाचा नंबर देऊन टाकला. अमृतचा संगणक कायमचा विझला, हे सर्वजण धरूनच चालले होते.

भिंतीवरच्या लहान पेटीत प्रत्येक जिवंत तारेमागे एक हिरवा दिवा लागतो. आरतीचा दिवा विझलेला होता. तरी एक दिवा जास्त होता. त्या दिव्याची तार धरून ती निघाली. तार खिडकीवरून गेली, चौकटीच्या भोकातून आत शिरली, गोण्यांच्या मागे उतरली.

तिथे शिपाई गेणभाऊ अमृतच्या संगणकासमोर फडके घेऊन उभे होते. पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या पांढऱ्या मिशांवर पडला होता.

"गेणभाऊ, हा तुम्ही चालू करता?"

"रोज! झाडलोट झाली की चालू, जेवणाच्या सुट्टीला बंद. आवं ताई, इहिरीवरचं इंजिन न्हाई का, लई दिस थांबलं की जाम व्हतं. मी आजारानं खाटंवर व्हतो, तवा ह्यो अमृत निरगुडसरवरनं येऊन माझं इंजिन धडाडवून जायाचा. आता त्यो पडलाय. त्याचं यंत्र मी जाम व्हऊ देईन व्हय?"

आरतीला हसू यायला हवे होते. पण तिने टेबलाकडे पाहिले. कळफलकावर धुळीचा कण नव्हता. खुर्चीची गादी झटकलेली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान चालू महिन्याचे होते. एखाद्याची रिकामी जागाही इतक्या निगुतीने राखता येते, हे तिने कुठेच पाहिले नव्हते.

मागून सुभाषराव आले आणि मोठ्याने हसले. "गेणभाऊ, हा काय बैल हाय व्हय, रोज पाय मोकळं करायला? आरती, उपट ती तार. डबडं भंगारात जाऊ दे. अमृत काय आता येत नाय. तुला कायम करायचं मी संचालकांच्या कानावर घालतो."

गेणभाऊंचे फडके जागीच थांबले.

आरतीचा हात तारेवर होता. निमगाव सावाहून रोज पहाटेची एसटी धरताना हाच एक शब्द तिच्या मनात असे. कायम. आता तो एका झटक्याच्या अंतरावर होता.

तिने तार सोडली. बाहेर जाऊन आपला संगणक सुरू केला, त्याच्या नंबरातला शेवटचा आकडा बदलला, आणि तो पुन्हा सुरू केला. पेटीतला विझलेला दिवा लागला. आधीचाही तेवत राहिला.

"साहेब, लागलं. नंबर अमृतचा होता, मी माझा बदलला. आता दोन्ही चालतील."

"आन् उद्या अमृत उभा राहिला, तर तू कुठं बसशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी आरती गेणभाऊंच्याही आधी कचेरीत आली होती. सकाळी झाडलोट आटोपून गेणभाऊ फडके घेऊन आत गेले, तेव्हा गोण्यांच्या मागे अमृतचा संगणक आधीच घुमत होता.