बायसनचं डोकं

बायसन हे आमच्या विद्यापीठाच्या संघाचं चिन्ह. खऱ्या केसांचं त्याचं जुनं डोकं घालून नव्वद वर्षं कुणी ना कुणी प्रत्येक सामन्याला मैदानात नाचत आलं होतं. यंदा क्रीडासंचालक होल्गेट यांनी प्लास्टिकचं नवं डोकं आणलं आणि जुनं जाळून टाकायला सांगितलं.

शनिवारच्या सामन्याला, भर दुपारी, यंदा बायसन होऊन नाचणारी विद्यार्थिनी इंग्रिड जुनंच घालून मैदानात उतरली. होल्गेट धावत आले.

“काढ ते.”

“नाही काढणार, सर. काय करायचं ते करा.”

त्यांनी दोन्ही हातांनी डोकं ओढलं. ते जागचं हललं नाही.

“सोड म्हणतो ना!”

इंग्रिडनं आपले रिकामे हात वर करून दाखवले. ती काही बोलणार, तोच आतून, अगदी तिच्या कानाला लागून, एक म्हातारा आवाज म्हणाला, “नाही सोडणार.”